मैत्रिणींबरोबर मोठ्या हॉटेलात दुपारचा चहा: जावं का, आणि बिलाचं काय?

कोरांटी
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही पाच मैत्रिणी. १९८२ साली दादरच्या कॉलेजात एका बाकावर (खरं तर दीड बाकावर) भेटलो, त्या अजून भेटतो आहोत. तेव्हा इराण्याकडे पाच जणींत तीन चहा आणि दोन ब्रून मस्का असा हिशेब असायचा. जास्तीच्या बशा मागितल्या की शेठ काउंटरवरून नुसता बघायचा. आता वर्षातून चार-पाच वेळा दादरच्याच एका उडप्याकडे बसतो, आणि चहा प्रत्येकीला एकेक घेतो. प्रगती म्हणायची ती एवढीच.

या वेळी लंडनवाली येतेय, आठ वर्षांनी. तिने व्हॉट्सॅपवर फर्मान काढलं की यंदा उडपी नको, समुद्रासमोरच्या पंचतारांकित हॉटेलात ‘हाय टी’ला जायचं. दोघींनी लगेच नाचणाऱ्या बाईचं चित्र टाकलं. मीही टाकलं.

पाचवीने काहीच टाकलं नाही. तिचा नवरा लवकर गेला. ती खासगी शाळेत होती, त्यामुळे पेन्शन नाही, आणि अजून घरी शिकवण्या घेते. निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. माणशी जो आकडा आहे त्यात माझ्या घरचं महिन्याचं दूध येतं. मी म्हणू का, की तुझे मी भरते? राग येईल का? की बेतच बदलायला लावू? आणि मुळात तिथे एवढं असतं तरी काय? जाऊन आलेल्यांनी सांगा. तीन आठवडे हातात आहेत.

भिजलेलीखारी
रुमाल टाकून ठेवते. नंतर सविस्तर लिहिते.

शनिवारपेठी
आधी शब्द नीट करू. मराठीत हॉटेल म्हणजे जिथे चहा मिळतो ते. जिथे राहायला मिळतं ते लॉज. तुम्ही म्हणताय ती तिसरीच जात आहे, तिथे आपण फक्त लग्नाच्या रिसेप्शनला जातो आणि परतताना पार्किंगचे पैसे कोणी द्यायचे यावर भांडतो.

मूळ प्रश्नाला उत्तर: टीटीएमएम. ज्याला परवडेल तो जाईल.

पावकिलो
@शनिवारपेठी, टीटीएमएम तिथे चालतं जिथे सगळ्यांचं ‘मी’ सारखं असतं. चाळीस वर्षांच्या मैत्रीत कसलं तुझे तू नि माझे मी?

थेम्सकाठची
धाग्यातली लंडनवाली मी नाही, आधीच सांगते. पण एक दुरुस्ती करू द्या, गेली वीस वर्षं मला ही खाज आहे. तुम्ही जाणार तो ‘आफ्टरनून टी’. ‘हाय टी’ म्हणजे अगदी उलट प्रकार. गिरणीत-खाणीत राबणारी माणसं संध्याकाळी घरी आली की चहाबरोबर थंड मांस, पाव, चीज, सारण भरून भाजलेला ‘पाय’ असं पोटभर खायची, तो हाय टी. म्हणजे ते जेवणच. आफ्टरनून टी ही रिकामटेकड्या वर्गाची सोय. १८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲनाबाईंना दुपारचं हलकं खाणं आणि रात्री आठचं जेवण यांच्या मधे भूक निघेना. त्या आपल्या खोलीत चहा आणि पाव-लोणी मागवायला लागल्या, पुढे मैत्रिणींना बोलवायला लागल्या. आपल्याकडच्या हॉटेलांनी ‘हाय’ म्हणजे उच्चभ्रू असं समजून पाटी लावली, आणि तीच रूढ झाली.

आडवाफाटा
म्हणजे आमचे आजोबा लालबागला पहिली पाळी सुटल्यावर चहा, डबल ऑम्लेट आणि पाव खायचे तो खरा हाय टी! आजीला कळलं असतं तर निदान कप तरी बरे काढले असते.

थेम्सकाठची
@आडवाफाटा, अगदी तोच. बिनतोड.

आणि जाता जाता, इथल्या रिट्झमध्ये (१९०६चं हॉटेल) चहाच्या दिवसाला पाच पंगती उठतात. पहिली सकाळी साडेअकराला. पुरुषांना कोट आणि टाय सक्तीचा. एकदा आमच्या ह्यांना घेऊन गेले होते. माणूस स्वतःच्या लग्नात एवढा आवळलेला नव्हता.

शनिवारपेठी
साडेअकराला दुपारचा चहा? त्या वेळी आमच्याकडे आमटीला फोडणी पडत असते.

दुपारचीझोप
कोरांटीताई, मुंबईत समुद्रासमोर म्हणजे बहुतेक ताजचं सी लाउंज असेल. पहिल्या मजल्यावर, खिडकीतून गेटवे आणि बोटी. ताज उघडलं १९०३च्या डिसेंबरात आणि गेटवे बांधून पुरा झाला १९२४ला. म्हणजे खिडकी आधी, देखावा मागून. २००८च्या हल्ल्यात तो सगळा भाग बंद पडला, जुनी इमारत पुन्हा उघडली ती ऑगस्ट २०१०मध्ये.

बुफेत काकडीच्या सँडविचशेजारी भेळ, शेवपुरी असते, बटाटेवडाही खाल्लेला आठवतो. कोपऱ्यात पियानो. त्यामुळे नवखं वाटलं तर सरळ भेळेकडे जायचं, ती ओळखीची असते.

ही जागा पारशी, गुजराती, मारवाडी कुटुंबांत मुलगी बघायला प्रसिद्ध. मराठी माणूस तिथे बघायला गेला तर काय होतं ते मला विचारा. १९९४. मी गिरगावातला, मुलीकडचे मलबार हिलचे. आमच्या घरी ते आले असते तर जिन्यातच मोजणी झाली असती, म्हणून मध्यस्थाने ही जागा काढली. माझ्यासमोर पांढऱ्या किटलीतून चहा आला. तो गरम होता. मी काय केलं असेल? सवयीने बशीत ओतला. आणि फुंकर मारली. शेजारी माझी आई छताकडे बघायला लागली.

पावकिलो
हसून हसून पुरेवाट. आणि मुलगी?

टोपीवालाबल्लव
मी मूळचा साताऱ्याचा. मोठ्या हॉटेलांच्या बेकरी विभागात अठरा वर्षं काढली, आता स्वतःचं छोटं दुकान आहे. ‘तिथे एवढं असतं तरी काय’ याचं उत्तर आतल्या बाजूने देतो.

तीन मजली तबक येतं. सहसा खाली सँडविच, मधे स्कोन (छोटे गोल, पावासारखे), वर पेस्ट्री. खारं आधी, गोड शेवटी. काकडीचं सँडविच दिसायला काहीच नाही, पण नवीन पोरगा आला की त्याची परीक्षा त्यातच व्हायची. काकडी कागदासारखी कापायची, मीठ लावून ठेवायची, सुटलेलं पाणी फडक्याने टिपायचं. लोणी पावाच्या अगदी कडेपर्यंत लावायचं, नाहीतर काकडीचं उरलेलं पाणी पावात शिरतं आणि पंधरा मिनिटांत लगदा. कडा आधी कापायच्या नाहीत. भरल्यावर, दाबल्यावर, मग सुरी. आणि वर ओलसर फडकं, पानवाल्याच्या टोपलीसारखं. कापलेल्या कडा वाया जात नाहीत. त्यांचा चुरा होतो, आणि आमच्या कँटीनच्या कटलेटला तोच असायचा. वर पियानो, खाली आम्ही त्याच पावाच्या कडा खातोय!

स्कोनचं पीठ जास्त मळलं की वातड. साचा सरळ दाबून सरळ उचलायचा. हात फिरवला की कड दबते आणि स्कोन तिरका फुगतो. पहिल्या महिन्यात माझे सगळे स्कोन पिसाच्या मनोऱ्यासारखे यायचे. आमचे शेफ काही बोलायचे नाहीत, फक्त ताट माझ्या दिशेने फिरवून ठेवायचे.

भिजलेलीखारी
बल्लवदादा, दंडवत. अशा प्रतिसादांसाठीच इथे येते.

स्कोनवर क्रीम आधी की जॅम आधी हेही सांगा. मागे लेकीकडे गेले होते तेव्हा तिच्या शेजारणीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वरणावर साखर घातली.

थेम्सकाठची
डेव्हनचे लोक आधी क्रीम, वर जॅम. कॉर्नवॉलचे आधी जॅम, वर क्रीम. दोघांनाही दुसरा रानटी वाटतो. स्कॉन की स्कोन यावर वेगळं भांडण. आपल्या खोबरं-कोथिंबीर आधी की शेव आधी यासारखंच समजा.

टोपीवालाबल्लव
आणि ते क्लॉटेड क्रीम म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, साय. पसरट भांड्यात दूध किंवा क्रीम तासन् तास मंद गरम करायचं, हलवायचं नाही, हळूहळू गार होऊ द्यायचं, वर आलेला जाड थर काढायचा. फक्त आपल्यापेक्षा फार जाड, ५५ टक्क्यांच्या वर स्निग्धांश. इथे खरं क्लॉटेड क्रीम मिळणं मुश्कील म्हणून बऱ्याच ठिकाणी फेटलेलं क्रीमच देतात.

शनिवारपेठी
म्हणजे साय आणि मुरांबा. लहानपणी पोळीशी रोज खाल्लंय. त्यासाठी एक महिन्याचं दूध?

मांडवीकर
आमच्याकडे पणजीला चार वाजले की अर्धं शहर हॉटेलात. इथेही हॉटेल म्हणजे शनिवारपेठींच्या अर्थानेच. गरम बन्स, नाहीतर पातळ भाजी आणि पाव, आणि च्या. टेबलं एवढी चिकटून की दुसऱ्याच्या भाजीत आपला पाव पडावा. समोर अनोळखी माणूस येऊन बसतो, तीन मिनिटांत त्याला तुमचा वाडा, आडनाव आणि मामा कोण हे कळतं. हा आमचा आफ्टरनून टी. कोरांटीबाई, मैत्रिणींना घेऊन गोव्यालाच या की.

आडवाफाटा
पुण्यात याला अमृततुल्य म्हणतात. पितळी पातेलं, बत्त्याने ठेचलेलं आलं-वेलची, राजस्थानातून आलेल्या दवे मंडळींनी शंभरेक वर्षांत उभी केलेली संस्था. फक्त बसायला देत नाहीत. मैत्रिणींचा गप्पांचा कार्यक्रम तिथे उभ्याने करावा लागेल आणि अकराव्या मिनिटाला फडकं फिरायला लागेल.

थेम्सकाठची
चहाचाही फरक लक्षात घ्या मंडळी. आपण घरी उकळतो ती सीटीसी, म्हणजे यंत्राने पान चिरडून-फाडून-वळवून केलेली, गोळीदार. ते यंत्र १९३०च्या सुमारास आसामात निघालं. ती भुकटी दुधात खळखळा उकळायलाच बरी. हॉटेलात दार्जिलिंग दिलं तर ते पान असतं. किटलीत तीन-चार मिनिटं मुरवायचं, बस. उकळलं तर कडू. मार्च-एप्रिलची पहिली खुडणी फिकी आणि फुलासारखी, मे-जूनची जरा भरीव. दूध घालायची घाई करू नका.

पावकिलो
यावरून आठवलं. हॉटेलचं नाव सांगत नाही. आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस, आम्ही भावंडांनी असाच घाट घातला. आईने दार्जिलिंगचा एक घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, “पाणी उकळून आणलंय, चहा कधी टाकणार?” मग पर्समधून सुंठ-वेलचीची डबी काढली आणि किटलीत चिमूटभर टाकली. त्यापाठोपाठ मधुमेहाची बिस्किटं, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. मी जमिनीत जायच्या बेतात. इतक्यात वेटर आला. आता बाहेरचं खाणं चालत नाही म्हणणार. त्याने एक रिकामी बशी, त्यावर कागदी जाळी, त्यावर ती बिस्किटं गोलाकार रचली आणि तिच्यासमोर ठेवली. आई म्हणाली, “बघ, याला कळतं.” पुढे अर्धा तास तिने त्याची चौकशी केली. तो चिपळूणचा निघाला.

हिशेबनीस
सगळे खाण्यात रमलेत, बिलाचं मी बघतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर, तिथल्या खाण्यावर जीएसटी १८ टक्के. साध्या हॉटेलात ५. म्हणजे संकेतस्थळावरच्या आकड्याला भुलू नका, ‘कर वेगळे’ हे बारीक अक्षरात असतं. सेवाशुल्क मात्र वेगळी गोष्ट. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२च्या सूचनांप्रमाणे ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. लावलंच असेल तर काढायला सांगता येतं. टिप स्वखुशीने द्या, ती पोराच्या हातात पडते.

मूळ अडचणीवर: भिशी. पाच जणींनी महिना तीनशे टाकायचे, वर्षाअखेर चहा. कोणी कोणाचं भरलं हा प्रश्नच येत नाही.

कोरांटी
हिशेबनीस, भिशी उत्तम, पण हातात तीन आठवडे आहेत, बारा महिने नाहीत.

बाकी सगळ्यांचे आभार. काल बाकीच्या दोघींशी फोनवर बोलले. एक म्हणाली की आपण चौघींत तिचे वाटून घेऊ आणि तिला सांगू की कूपन मिळालंय. मला ते खोटं पटत नाहीये, पण दुसरं सुचतही नाही.

भिजलेलीखारी
कूपनचं करू नका हो. माझ्याशी असं केलं होतं. मुलगा अमेरिकेला गेला तेव्हा घर गहाण होतं. भिशीच्या बायकांनी महाबळेश्वरच्या सहलीत ‘एक सीट फुकट आहे’ म्हणून मला नेलं. तीन दिवस सगळ्या मला आधी वाढत होत्या. स्ट्रॉबेरी क्रीमसुद्धा मोठा ग्लास मला. तिसऱ्या दिवशी मला कळलं. त्यांचं प्रेमच होतं, आजही त्यातल्या दोघी रोज फोन करतात. पण तो ग्लास अजून घशात आहे. तिलाच विचारा. सरळ.

शनिवारपेठी
खारीताईंशी सहमत. टीटीएमएमचा माझा प्रतिसाद अर्धा मागे घेतो.

पावकिलो
अर्धाच?

शनिवारपेठी
टीटीएमएम ना. अर्धा माझा.

आडवाफाटा
दुपारचीझोपराव, मुलगी राहिली मधेच. बशीचं पुढे काय झालं?

दुपारचीझोप
तिने स्वतःचा चहा बशीत ओतला. फुंकर मात्र मारली नाही, वाट बघितली. आता तीस वर्षं होऊन गेली. अजूनही मी फुंकर मारतो आणि ती वाट बघते.

थेम्सकाठची
अरे देवा, किती गोड.

कोरांटी
मंडळी, धागा वर काढतेय. काल जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी तिची एवढी काळजी केलीत.

खारीताईंचं ऐकलं आणि सरळ फोन केला. तोंडातून शब्द निघेना. आधी पाऊस, मग गुडघे, मग तिच्या शिकवण्या. शेवटी ती म्हणाली, “पैशांचं बोलायचंय का?” मी म्हटलं, “हो, म्हणजे तुला जड जाणार असेल तर...” ती हसायला लागली. पार खोकला येईपर्यंत. म्हणाली, “अगं बये, माझ्या एफडीचं व्याज तुझ्या पेन्शनपेक्षा जास्त येतं. वीस वर्षं दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतेय मी, दोन बॅच. मला परवडतं. चहाला एवढे पैसे टाकायला जीव होत नाही, एवढंच. कंजूष आहे मी. तुला एवढ्या वर्षांत कळलं नाही?”

आणि मग जे आठवलं ते आठवलं. पाच जणींत तीन चहा ही कल्पना मुळात तिचीच होती. तेव्हासुद्धा सगळ्यांचे पैसे तीच गोळा करायची आणि दहा पैसे वर उरले की पुढच्या वेळेसाठी कंपासपेटीत ठेवायची.

मग उत्तर का दिलं नाहीस गटावर? तर म्हणे, “नाचणारी बाई कुठे सापडते ते मला माहीत नाही.”

तर आम्ही पाचही जणी गेलो. हॉटेलचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको. ती इस्त्रीची नारायणपेठ नेसून सगळ्यांच्या आधी पोचली होती. आम्ही चौघी खुर्चीच्या टोकावर, पोट आत घेऊन. लंडनवाली तर कुजबुजत बोलत होती. ही मात्र वर्गावर आल्यासारखी. तबक आल्याबरोबर तिने वेटरला विचारलं, “हे संपलं की पुन्हा येतं का?” सँडविच येतात म्हणाला. तिने मान डोलावली आणि पेस्ट्रीच्या मजल्यापासून सुरुवात केली. कारण काय, तर जे परत येणार नाही ते आधी.

दार्जिलिंग दोन किटल्या आल्या. अर्धा-अर्धा कप सगळ्यांनी गुणगान करत प्यायलो. मग तिने वेटरला विचारलं, आत आलं घालून उकळलेला मिळेल का. मिळाला. पुढे पाचही जणींनी तोच घेतला आणि दार्जिलिंग तसंच गार झालं. थेम्सकाठची, माफ करा.

टोपीवालाबल्लव, काकडीचं सँडविच उचलून मी खालून बघितलं. कोरडं होतं. तुमची आठवण काढली. हिशेबनीस, बिलात सेवाशुल्क होतं. तिनेच ते वाचलं, बोट ठेवलं आणि काढून घेतलं. मग त्यातली जवळजवळ सगळी रक्कम त्या मुलाच्या हातात दिली. उरलेले चाळीस रुपये तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहेत. पुढच्या वेळेसाठी.

बाहेर येऊन गेटवेसमोर कठड्याशी उभ्या राहिलो. मी म्हटलं, कशी वाटली जागा? म्हणाली, “खुर्च्या चांगल्या आहेत. तीन तास कोणी उठवत नाही. तासाला काय पडलं ते घरी जाऊन काढते.”

हिशेबनीस
या बाईंना माझा नमस्कार सांगा. आणि आयडी काढायला सांगा.

भिजलेलीखारी
मी इथे डोळे पुसायच्या तयारीत होते! काय हे!

मांडवीकर
गोव्याला येताना त्यांना आणाच.

थेम्सकाठची
दार्जिलिंगचं माफ. एकच सांगा, स्कोनवर त्यांनी आधी काय लावलं? जॅम की क्रीम?

कोरांटी
काहीच नाही. चहात बुडवला. अर्धा आत पडला, तो चमच्याने काढून खाल्ला.